आढ्यावर नसलेलं नाव

रुआन लिसुंग मिस्त्रीची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी राजपुत्र होते आणि नदीकाठच्या गोट्यांवर सपशेल उताणी पडले होते.

वाघाचं वर्ष होतं ते. शीखंगचा छपराचा पूल आदल्या वर्षी पुरात गेला होता आणि गाव नवा पूल उभा करत होतं. पुलाचं काम निघालं की पुलावरच्या देवीसाठी नाटक लावायचं, म्हणून आमची मंडळी दोन डोंगर ओलांडून आली होती. मी अठरा वर्षांची. आमच्याकडे नायकाची कामं मुलीच करत. माझी उंची बरी, आवाज खणखणीत, तेव्हा झाडून सगळे राजपुत्र माझ्याच वाट्याला यायचे. वीतभर जाड तळव्यांचे बूट घालून मी तालमीला निघाले आणि तिसऱ्या पावलाला घसरले.

वर परांचीवरून कुणीतरी ओरडलं, "अरे, राजपुत्र पडला! उचला रे कुणीतरी, राज्य बुडेल!"

सगळे सुतार हसले. ओरडणारा पंचवीस वर्षांचा, कमरेला पटाशी, कानावर शाईची काडी. तो लिसुंग. त्या दिवसापासून त्याने मला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. पुढे त्याच वर्षी मी इथल्या चहाचे मळे करणाऱ्या लिन घराण्यात लग्न करून राहिले, मुलं झाली, दात गेले, नवरा गेला. नवऱ्याच्या तेराव्या दिवशीसुद्धा हा दारात येऊन म्हणाला, "राजपुत्र, चार घास खाऊन घे." घरात पाहुणे बसलेले, सुना चमकल्या. मला मात्र त्या हाकेनेच रडू आलं आणि मग घासही घशाखाली उतरला.

लिसुंगचा धाकटा भाऊ लिहाय एकवीस वर्षांचा होता. दोघं भाऊ, त्यांचे वडील आणि इतर सहा जण, असे नऊ सुतार त्या पुलावर होते. वडील मुख्य मिस्त्री. शाईची दोरी त्यांच्या हातात, त्यांनी रेघ मारल्याशिवाय कुणी करवत लावायची नाही. लिसुंग अबोल नव्हता, पण लिहायपुढे त्याचं बोलणं म्हणजे पाणी घातलेली दारू. लिहाय लाकडाच्या खांडावर चढला की गात चढायचा, उतरला की कुणाची तरी नक्कल करत उतरायचा. आमच्या मंडळीतल्या विदूषकाने त्याला दोनदा विचारलं, "सुतारकाम सोडतोस का?" त्यावर लिहाय म्हणाला, "सोडलं असतं, पण तुमच्याकडे दादा नाही. मला ओरडायला कोण?"

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावर आहे. पुलाची पहिली लांब खांडं दोन्ही काठांवरून एकमेकांकडे सरकायला लागली की आमच्याकडे कामावर कुणी कुणाला खऱ्या नावाने हाक मारत नाही. त्या दिवसांत सांध्यांची तोंडं उघडी असतात. हाक मारलेलं नाव सांध्यात शिरतं, वरून पाचर ठोकली की ते आत अडकतं, आणि मग ज्याचं नाव तो माणूस वर्षाच्या आत जातो. म्हणून कमानीची खांडं बसेपर्यंत सगळ्यांनी दुसरी नावं घ्यायची. पूर्वी आकडे घेत: पहिला, दुसरा, तिसरा. त्या वर्षी लिसुंगचे वडील म्हणाले, "नाटकवाले आलेच आहेत, तर सोंगांची नावं घ्या. आकडे पोरं विसरतात, सोंगं नाही विसरायची."

नावं वाटायचं काम मंडळीने माझ्यावर टाकलं. मी बूट घालून, हातात चाबूक घेऊन, दरबार भरवल्यासारखी बसले. वडील झाले सम्राट. लिसुंग सेनापती. बाकीच्यांत न्यायाधीश, कोतवाल, नावाडी, वैद्य असे वाटून टाकले. लिहाय मुद्दाम शेवटी आला, छाती पुढे काढून.

"मला योद्धा दे. लाल पिसांवाला."

"योद्धे संपले," मी म्हणाले.

"मग काय उरलंय?"

"दासी."

सुतार जमिनीवर लोळायचे बाकी राहिले. लिहायचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "मी दासी? हे पाहा राजपुत्र, सांगून ठेवतो. दासी म्हणून जो हाक मारेल त्याला मी ओ देणार नाही!"

"नको देऊ," मी म्हणाले. "दासी रुसली की ओ देतच नाही. ती अशी करते." आणि मी त्याला करून दाखवलं. पाठ फिरवायची, मान वाकडी करायची आणि मागच्या मागे हात झटकायचा, 'जा, नाही बोलत' म्हणून. त्याने एकदाच पाहिलं आणि माझ्यापेक्षा छान केलं. दिवसभर कुणी "दासी, पाचर दे" म्हटलं की तो पाठ करून हात झटकायचा आणि मग पाचर द्यायचा. काठावर बघायला जमलेल्या बायका पदरात तोंड खुपसून हसत होत्या. कमानीच्या कामाच्या वेळी बायकांनी जवळ जायचं नसतं, म्हणून आम्ही सगळ्या कापराच्या झाडाखाली बसून हा दुसरा खेळ फुकटात बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौथं खांड ओढायला घेतलं. लिसुंग वर दोरावर, लिहाय खाली दगडी पायथ्याशी पाठमोरा, मागचं खांड घट्ट करत बसलेला. कप्पीवरचा दोर एकदम सैल पडला. आम्हाला झाडाखालून काही कळलं नाही. आम्हाला फक्त लिसुंगचा आवाज ऐकू आला.

"दासी! दासी, बाजूला सर! दासी!"

लिहायने मागे न वळता मान वाकडी केली आणि मागच्या मागे हात झटकला. आम्ही सगळ्या खो खो हसलो. मीही हसले. मी तर टाळी वाजवली, शिष्याने गुरूची लाज राखली म्हणून. माझ्या हातांना अजून ती टाळी आठवते. टाळीचा आवाज विरायच्या आत खांड खाली आलं होतं.

तो दुपारपर्यंत होता. शुद्धीवर नव्हता.

पूल थांबला नाही. अर्धवट कमान तशी ठेवता येत नाही, पुढचा पाऊस तिला खातो. सातव्या दिवशी वडील पुन्हा दोरी हातात घेऊन उभे राहिले आणि लिसुंग पुन्हा वर चढला. त्या दोघांकडे बघवत नव्हतं. मी मात्र बघत राहिले. नट माणसाची ही वाईट सवय.

तीन महिन्यांनी छपराचं आढं, म्हणजे सगळ्यांत वरची मधली तुळई, चढवायची वेळ आली. आढ्याच्या खालच्या अंगावर शाईने पुलाचं वर्ष लिहितात आणि पूल बांधणाऱ्यांची नावं. अक्षर लिसुंगचं चांगलं, म्हणून कुंचला त्याच्या हातात. त्याने वडिलांना विचारलं, "लिहायचं नाव कुठे घालू?"

वडील म्हणाले, "नाही घालायचं. आढं चढतं त्या दिवशी जे जिवंत आहेत त्यांचीच नावं आढ्यावर. पुलाने घेतलेल्या माणसाचं नाव पुलावर घातलं, तर पूल पुन्हा मागतो."

"मग कधीच नाही?"

"पुढचं आढं बसेल तेव्हा. तेव्हा तो पूर्वजांत गेलेला असेल. पुढच्या आढ्यावर सगळ्यांच्या आधी त्याचं नाव लिहायचं."

कुळाच्या देवघरात गेलेल्याच्या नावाची पाटी लागते ती लग्न झालेल्याचीच. लिहायचं लग्न झालं नव्हतं. म्हणजे एकवीस वर्षांचा तो गाता माणूस कुठेच लिहिला गेला नाही. त्यांची आई तेव्हा होती. ती अक्षरं ओळखत नव्हती, पण आठ नावं मोजता येत होती. पुलाच्या उद्घाटनाला आमचं नाटक झालं, मी रंग पुसत होते, तेव्हा ती लिसुंगला विचारताना मी ऐकलं, "आठच आहेत की रे. तुम्ही तर नऊ होतात."

"आई, पुढच्या आढ्यावर. मी स्वतः लिहीन."

"नक्की?"

"नक्की."

एवढाच त्याचा शब्द. आईला दिलेला. त्यानंतर चोपन्न वर्षं लिसुंग त्या शब्दावर बसून होता, आणि तो शब्द पुरा होऊ नये म्हणून जगात जेवढं कुणी खपलं नसेल तेवढा तोच खपला. कारण पुढचं आढं कधी बसणार? पूल गेला तर. आणि पूल जाऊ न देणं हेच त्याचं काम.

गावाने त्याला पुलाची राखण दिली. रोज सकाळी भाताची पेज पिऊन तो पुलावर जायचा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हातात मोगरी घेऊन चालायचा आणि खांबाखांबावर टकटक करून कान लावायचा, वैद्याने नाडी बघावी तसा. फुटकं कौल दिसलं की त्याच दिवशी बदलायचा. पावसाळ्यानंतर पुलाखाली चिडाच्या लाकडाचा धूर करायचा, पोखरणारे किडे पळावेत म्हणून. पुलावरच्या बाकांवर कुणी विडी विझवली की त्याचा आवाज खालच्या गिरणीपर्यंत जायचा. पोरगी बघायला आलेल्या एका पाहुण्याला त्याने पुलावर मोटारसायकल आणली म्हणून असा झापला की ते लग्न मोडलं. मुलीच्या आईने नंतर त्याला बदकाची अंडी आणून दिली. पाहुणा तिलाही पसंत नव्हता.

त्याची बायको, स्वेईच्याव तिचं नाव, तोंडाची तिखट आणि मनाची लोणी. ती माझ्याकडे येऊन म्हणायची, "वहिनी, मीही पूल असते तर बरं होतं. वर्षातून एकदा तरी माझी कौलं बदलली असती."

तो मागून म्हणायचा, "तुझी कौलं शाबूत आहेत गं. पाणी गळतं ते तोंडातून."

जुनं दिसेल ते फोडायची लाट आली तेव्हाची गोष्ट. आमची मंडळी तर मोडलीच, माझे बूट मी स्वतः चुलीत घातले. पुलावरच्या देवीचा कोनाडा रिकामा झाला. आढ्यावरची नावं खरवडायला माणसं येणार असं कळलं, त्याच्या आदल्या दिवशी लिसुंगने आढ्याला चुन्याचा जाड लेप दिला. आलेल्यांना पांढरं लाकूड दिसलं, ते घोषणा लिहून गेले. पुढे दिवस निवळल्यावर त्याने एक अख्खा हिवाळा तो चुना ओल्या फडक्याने हळूहळू पुसून काढला. आठही नावं जशीच्या तशी. मी शिडी धरायला गेले होते. वरून म्हणाला, "राजपुत्र, शाई बघ, काल लिहिल्यासारखी आहे." मला वाटलं तो खूश आहे. मग तो म्हणाला, "चुना लावला नसता तर नवं आढं करावं लागलं असतं." आणि फडकं पिळून पुन्हा कामाला लागला.

त्याची आई तोवर गेली होती.

मग माकडाच्या वर्षी भाद्रपदाच्या सुमारास समुद्रावरून वादळ आलं. दोन दिवस आभाळ फाटलं आणि तिसऱ्या दिवशी दुपारी नदी पुलाच्या फळ्यांना लागली. सगळं गाव काठावर उभं होतं. पूल एकदम मोडला नाही. आधी तो जरा उचलला गेला, पाहुण्याला उठून वाट देतात तसा, आणि मग सबंधच्या सबंध, छपरासकट, पाण्यावर निघाला. वळणावर गेल्यावर त्याचे तुकडे झाले. बायका मोठ्याने रडल्या. पुरुषही रडले. लिसुंग तेव्हा एकोणऐंशी वर्षांचा होता. लोकांनी त्याच्या दोन्ही बाजूंना दोन माणसं उभी केली, म्हातारा पाण्यात उडी घेईल म्हणून.

तिसऱ्या दिवशी म्हातारा कुऱ्हाड घेऊन डोंगर चढायला लागला.

गावाला वाटलं, दुःखाने डोकं फिरलं. मी काठी टेकत त्याच्या मागे गेले. वर त्याच्या कुळाच्या रानात तो देवदारांमधून फिरत होता, एकेका खोडावर हात ठेवत, आणि गुणगुणत होता. चोपन्न वर्षांत मी त्याला गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

"काय मिस्त्री, नवरी बघताय?"

"ये राजपुत्र, ये. हे कसं वाटतं? सरळ आहे, गाठ नाही. आढ्याला चालेल."

मला एकदम सगळं कळलं. मी तिथेच मुळावर बसले. तो माझ्या शेजारी बसला. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाचा चेहरा एवढा मोकळा मी नंतरही कधी पाहिला नाही.

"तुला एक सांगू?" तो म्हणाला. "दोर सुटला तेव्हा त्याचं खरं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. दातांपर्यंत. मी ते गिळलं. वाटलं, नाव घेतलं तर पूल त्याला नेईल."

"दासी हे नाव मी दिलं होतं, दादा," मी म्हणाले. पहिल्यांदाच त्याला दादा म्हटलं. "आणि तो हात झटकायला मीच शिकवलं होतं."

"माहीत आहे."

"मी टाळी वाजवली."

त्याने कुऱ्हाडीच्या पात्यावर अंगठा फिरवला. मग म्हणाला, "छान करायचा गं तो. टाळी त्याच्या कानावर गेली असेल तर बरं झालं." आणि उठून त्याने झाडावर पहिला घाव घातला.

आढ्याचं झाड जमिनीला टेकू देत नाहीत, कुणी त्याला ओलांडायचं नसतं. लिसुंगने त्यासाठी गावातली आठ पोरं जुंपली आणि झाड लाल कापड बांधून, खांद्यावरून, वाटेत एकदाही खाली न ठेवता उतरवलं. अंगणात सुतारी घोड्यांवर ठेवून तो ते तासत बसला. कुंचला हातात धरला तर हात थरथरायचा, म्हणून फळीवर पाण्याने लिहून सराव करायचा. रुआन लिहाय. वाळलं की पुन्हा रुआन लिहाय. स्वेईच्याव म्हणायची, "अहो, शाळेत घातलं असतं तर आतापर्यंत पास झाला असतात."

इकडे गाव पुलाची लाकडं शोधत होतं. नदी खाली कितीतरी गावांमधून जाते. कुणाच्या भातात खांड, कुणाच्या बांबूच्या बेटात वासे, कुणाच्या गोठ्यावर फळ्या. निरोप येत होते, ट्रक जात होते. जुन्या वास्तू सांभाळायच्या कार्यालयातून थान नावाची तरुण बाई आली होती, केस कापलेली, चिखलात गुडघाभर उतरणारी. ती प्रत्येक लाकडावर क्रमांकाची पट्टी लावायची. तिचा नियम साधा होता. जे सापडलं आणि शाबूत आहे ते परत त्याच्या जागी. जे नाही त्याच्याच जागी नवं. तिने लिसुंगला मुख्य मिस्त्री नेमलं. लाकूड शाबूत की नाही, हा शब्द त्याचा. ती त्याला "मिस्त्री आजोबा" म्हणायची आणि तो तिला "पट्टीवाल्या बाई".

बहुतेक सगळं मिळालं. आढं मिळालं नाही. एक महिना गेला, दुसरा संपत आला. थानबाई म्हणाली, "आजोबा, आढं गेलं असं धरू या. तुमचं नवं आढं किती दिवसांत तयार होईल?"

"तयारच आहे," लिसुंग म्हणाला. "फक्त लिहायचं राहिलंय. मुहूर्ताला लिहीन."

मुहूर्ताला चार दिवस असताना खालच्या दूरच्या गावातून फोन आला. तिथल्या लोकांनी पाण्यातून एक लांब लाकूड काढलं होतं, आणि त्यावर शाईची नावं पाहून ते त्यांच्या कुळाच्या देवघरात, लाल कापडात गुंडाळून ठेवलं होतं. कुणाचं आहे ते त्यांना आत्ता कळलं होतं.

ते स्वतः घेऊन आले. ट्रकपुढे फटाके, झांजा. शीखंगचं सगळं गाव वेशीवर. बायकांनी पाहुण्यांच्या हातात भाताच्या दारूच्या वाट्या दिल्या. खालच्या गावचे म्हातारे हात जोडून म्हणत होते, "तुमचे पूर्वज आमच्याकडे दोन महिने पाहुणे होते. जमेल तसं सांभाळलं." असा सोहळा मी रंगमंचावरही पाहिला नव्हता. लोक रडत होते, हसत होते, आढ्याला हात लावत होते. लिसुंग मागे उभा होता. त्याचा चेहरा पाहून मी त्याच्याकडे गेले नाही. जायला हवं होतं.

आढं पुलाजवळ घोड्यांवर ठेवलं. एका टोकाला तडा गेलेला होता, हातभर. थानबाई वाकून बघत म्हणाली, "हा तडा जुना की पुरातला? आत किती गेलाय कळत नाही. मिस्त्री आजोबा, तुम्ही सांगाल तसं. चालेल म्हणालात तर हेच चढवू. नाही म्हणालात तर नवं."

सगळं गाव लिसुंगकडे बघू लागलं.

आमच्याकडे उतरवलेलं आढं ठेवत नाहीत. त्याला कुणी ओलांडू नये, कुणी त्याचं फर्निचर करू नये, म्हणून ते देवीपुढे जाळतात आणि राख नदीत सोडतात. चूल पेटवावी इतकी ही गोष्ट आम्हाला सवयीची. त्यामुळे लिसुंगने काय पाहिलं ते मला ठाऊक आहे. त्याच्यापुढे नावाला नाव असा सवाल नव्हता. एका बाजूला लिहाय, आणि दुसऱ्या बाजूला त्याचे वडील आणि ते सहा सुतार, सगळे आता मातीत, ज्यांची नावं त्याने स्वतःच्या हाताने लिहिली, चुन्याखाली लपवली आणि हिवाळाभर पुसून काढली. 'नाही' म्हणायचं म्हणजे त्यांना जाळायचं.

त्याने मोगरी घेतली. तड्याच्या टोकापासून सुरुवात केली. टक. कान लावला. टक. पुढे सरकला. एवढ्या सावकाश मी त्याला कधी चालताना पाहिलं नव्हतं. वडिलांच्या नावापाशी आला तेव्हा त्याने मोगरी न मारता नुसतं बोट टेकलं. मग दुसऱ्या टोकापर्यंत गेला, परत आला, तड्यात पटाशीचं टोक घातलं, बाहेर काढलं, त्याला लागलेला भुसा जिभेवर ठेवून पाहिला.

"तडा वरवरचा आहे," तो म्हणाला. "आत लाकूड कोरडं आहे. शंभर वर्षं काही होत नाही."

फटाक्यांचा कडकडाट झाला. त्या गोंगाटात तो थानबाईजवळ गेला. मी पाठीमागेच होते.

"पट्टीवाल्या बाई, या आढ्यावर एखादं नाव वाढवता येईल का? टोकाला. लहान अक्षरात."

"नाही हो आजोबा. जुन्या अक्षरांच्या शेजारी नवीन काही लिहायचं नाही. तो नियम मोडता येत नाही. का? कुणाचं नाव?"

लिसुंगने माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला बोलता आलं असतं. मंडळीत असताना मी दुसऱ्यांच्या तोंडची वाक्यं मोठ्याने म्हटली, दोन-दोन हजार माणसांपुढे. तिथे मात्र मला वाटलं, हे नाव घ्यायचा हक्क त्याचा, मी कोण. खरं सांगायचं तर, तो कसा गेला हे त्या बाईने मला विचारू नये असं वाटत होतं.

"कुणाचं नाही," लिसुंग म्हणाला. "सहज विचारलं."

जुनं आढं चढलं. नव्याचं काय करायचं म्हणून विचारल्यावर त्याने सांगितलं, फळ्या काढा, बाकांना लागतील. करवतीला तो स्वतः आला नाही. त्यानंतरही तो पुलावर जायचा, पण मोगरी नेत नसे. नुसता बसायचा, येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलायचा. एकदा मी म्हटलं, "दादा, निदान मनातून तरी त्या पोराला सोड आता." तो म्हणाला, "सोडलंय की. आईला काय सांगायचं ते ठरत नाहीये, एवढंच."

दोन हिवाळ्यांनी, नव्या वर्षाच्या आधी आठवडाभर, तो गेला. झोपेत गेला, तापबीप नाही.

थानबाई त्याच्या अंत्ययात्रेला आली होती. डोक्याला सुतकाचं पांढरं फडकं बांधून शेवटपर्यंत चालली. परतताना पुलावर माझ्याजवळ बसली, आणि तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. राजपुत्र, दासी, टाळी, आई, आठ नावं. उशीर झाल्यावर माझं तोंड छान उघडतं. ती ऐकत राहिली. मध्ये एकदा वर आढ्याकडे पाहिलं.

"पण आजी," ती म्हणाली, "त्यांनी नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं."

"चाललं कसं असतं? जाळलं असतं ना ते."

"जाळलं?" तिला कळेचना. मग मी तिला रीत सांगितली, आणि तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडला. "आजी, ते आढं आम्ही कुणालाच जाळू दिलं नसतं. तो तडा बघून मी तर धरूनच चालले होते की आजोबा नाही म्हणतील. तालुक्याच्या संग्रहालयात त्याच्यासाठी जागा रिकामी करून ठेवली होती. काचेत, वर दिवा. आठही नावं तिथे राहिली असती. आणि नव्या आढ्यावर त्यांनी हवं ते लिहिलं असतं. मला वाटलं, हे सगळ्यांना माहीतच असेल."

"आम्हाला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही कुणी विचारलं नाही," ती म्हणाली, आणि लगेच स्वतःच म्हणाली, "नाही, मीच सांगायला हवं होतं."

पुलावरून माणसं जात होती, अंत्ययात्रेहून परतणारी, मला आणि तिला नमस्कार करत. तिने पिशवीतून वही काढली, पेन काढलं आणि विचारलं, "त्यांच्या भावाचं पूर्ण नाव काय होतं?"

मी सांगितलं. तिने लिहून घेतलं, अक्षरं बरोबर आहेत का म्हणून मला दाखवलं. बरोबर होती. मग ती म्हणाली की हे अहवालात जाईल, आणि अहवाल कपाटात, आणि कपाट तिच्या कार्यालयात आहे, कधीही येऊन बघा. मी बरं म्हटलं. अजून गेले नाही.